काळ्या घळीतल्या अकरा खुणा

१

पांढरा ठिपका जिथे संपत होता आणि तांबडं कडं सुरू होत होतं, तिथे गुलाबी रंगाची एक कडा होती. मी फूटपट्टी लावली. दोन मिलिमीटर. अकरा खुणांपैकी नऊ खुणांवर ती होती, दोनवर नव्हती. ज्या दोनवर नव्हती ते दगड दक्षिणेकडे तोंड करून होते, दिवसभर उन्हात तापणारे.

अकरावी खूण एका रुंद खडकावर होती. तिच्यापुढे पाच पावलं वाट आणि मग काही नाही. खाली चाळीस मीटरवर काळ्या घळीचा तळ.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास दाट धुक्यात पावला नावाची सव्वीस वर्षांची मुलगी या अकरा खुणांमागून चालत आली. ब्रनोहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती. रोपवेने वर गेली, पायी उतरत होती. धुक्यात काय करायचं हे तिला माहीत होतं, कारण तिच्या पाठपिशवीत आमच्या गिर्यारोहण मंडळाचं माहितीपत्रक सापडलं. त्यात लिहिलंय, ‘धुकं आलं तर घाबरू नका, खुणा सोडू नका.’ ते वाक्य माझं आहे. पंधरा वर्षांपूर्वी मीच लिहून दिलं होतं.

"बाई, झालं का मोजून?" इन्स्पेक्टर बोगदान मागे धापा टाकत उभा होता. लिपोवेत्सच्या शाळेत मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दरीतले निम्मे लोक मला बाई म्हणतात. बोगदान त्यातलाच, सातवीत दोनदा बसलेला. "मला तुमची फक्त एक ओळ पाहिजे. या खुणा लोव्रोकाकांनी काढल्या, असं मंडळाच्या वतीनं लिहून द्या. उद्या दुपारी कागद वर जाणार."

"लोव्रोच का?"

"या डोंगरावर खुणा काढायचं काम कोणाकडे आहे? त्यांच्याकडे. रंगाचे डबे कोणाच्या पडवीत आहेत? त्यांच्या. वय चौऱ्याहत्तर, गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन. म्हातारा माणूस चुकला, वाट सोडून भलतीकडे रंगवत गेला. संपलं."

"तो स्वतः काय म्हणतो?"

बोगदानने टोपी काढून घाम पुसला. "तीच तर भानगड आहे. काल चार तास बसवलं त्यांना. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. भिंतीकडे बघतात."

मी अकराव्या खुणेचा एक पापुद्रा नखाने उचलला. वर तांबडा, खाली पांढरा. बाहेरचा माणूस अशी खूण काढायला गेला तर आधी तांबडी चकती काढेल आणि मग मधे पांढरा ठिपका ठेवेल. दिसायला ते सारखंच दिसतं. आमच्या मंडळात मात्र आधी पांढरा, मग भोवती तांबडं कडं. दगडही आधी तारेच्या ब्रशने घासलेला होता, शेवाळाचा कणही खाली नव्हता. हे काम शिकलेल्या हाताचं होतं.

हे काम शिकलेली माणसं दरीत आता तीनच आहेत. एक लोव्रो. एक त्याची मुलगी तादेया. आणि तिसरी मी.

२

"खुणा मलाही काढता येतात," मी म्हटलं.

"तुम्ही?" बोगदान हसला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"टेपचं टोक धर," मी म्हटलं.

खूण काढणारा माणूस नकळत ती आपल्या डोळ्यांच्या उंचीवर काढतो. एका खुणेवरून काही ठरत नाही. दगड जिथे असेल तिथेच काढावी लागते. पण अकरा खुणांची सरासरी काहीतरी सांगते. पाय ठेवण्याच्या जागेपासून आम्ही अकराही मोजल्या. सरासरी आली एकशे शेहेचाळीस सेंटिमीटर. मग परत मागे, जुन्या वाटेवर लोव्रोच्या वीस खुणा मोजल्या. एकशे एकाहत्तर.

"तुमचे डोळे किती उंचीवर आहेत?"

"एकशे सत्तावन्न."

"म्हणजे अकरा सेंटिमीटरनं सुटलात." तो पुन्हा हसला नाही. "बाई, पण कोर्टात हे उभं राहत नाही. म्हातारी माणसं वाकतात. वकील म्हणेल, वाकून काढल्या."

"त्या खुणा फक्त वरून उतरणाऱ्याला दिसतात. खालून चढणाऱ्यासाठी एकही नाही. काढणारा रोपवेनं वर आला आणि एकदाच उतरत काढत गेला. लोव्रो आयुष्यात रोपवेत बसलेला नाही. आणि ही गुलाबी कडा बघ. पांढरा ओला असताना वर तांबडा फिरवला की असं होतं. उन्हातल्या दोन दगडांवर पांढरा लवकर वाळला म्हणून तिथे नाही. लोव्रो पांढरा काढून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी तांबडा घेऊन येतो. चाळीस वर्षं दरीतले लोक त्याला यावरून हसतायत."

"मग कोणी काढल्या?"

मी टेप गुंडाळायला लागले. मला कळलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत एक बुटकी मुलगी नेहमी पहिल्या बाकावर बसायची, कारण मागून तिला फळा दिसायचा नाही. रंग बदलायची वाट बघणं तिला जमायचं नाही. ब्युरेटमधले शेवटचे दोन थेंब ती नेहमी जास्त टाकायची.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. तादेया घाई करते. ती माणसं मारत नाही.

३

घळीच्या वरच्या कुरणात त्सिरिल गाई राखतो आणि चीज करतो. सहा फुटांवर उंच, तोंडाने वाईट. पर्यटक फाटकं उघडी टाकतात म्हणून जूनमध्ये त्याने भर बाजारात ओरडून सांगितलं होतं की एकेकाला कड्यावरून वाट दाखवीन. बोगदानच्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं.

"या, मास्तरीणबाई! फौजदारालाही आणलंत?" त्याने दोघांपुढे आंबट दुधाचे वाडगे आपटले. "मला न्यायला आलात? न्या. पण चीज फिरवायला दिवसातून दोनदा इथे कोण येणार, हे फौजदारांना आधी विचारा."

"बडबड पुरे," बोगदान म्हणाला. "त्या खुणा जिथून सुरू होतात, त्या फाट्यापाशी गेल्या आठवड्यात कोणाला पाहिलंस?"

"मी माणसांकडे बघतच नाही. माझ्या बेलाकडे बघतो."

"बेला कोण?"

"गाय रे! तुझ्यापेक्षा हुशार. घळीच्या कडेचं गवत तिला आवडतं. रोज फाट्यावरून आत शिरते, रोज मी शिव्या घालत आणतो. बुधवारी गेली आणि आपल्या आपण परत आली. गुरुवारीसुद्धा. म्हटलं, म्हातारपणी शहाणी झाली. कसलं काय, शुक्रवारी दुपारी पुन्हा आत!"

मी वाडगा खाली ठेवला. "सोमवारी?"

"सोमवारी आत. मंगळवारी ती आजारी, गोठ्यात. आठवड्याचा हिशोब मला पाठ आहे, बाई, दूध कमी येतं ना."

म्हणजे बुधवारी आणि गुरुवारी त्या फाट्यावर गाय अडेल असं काहीतरी होतं. सोमवारी नव्हतं, शुक्रवारी दुपारी नव्हतं.

आमच्याकडे नवी वाट करताना आधी रंग येतो, मग लोखंड. खुणा काढणारा पुढे जातो. खुंट्या, तारा आणि शिड्या ठोकणारे लोक त्याच्या खुणा बघून कुठे भोक पाडायचं ते ठरवतात. म्हणून काही दिवस डोंगरावर अशी वाट असते जी खुणांनी पुरी असते आणि पायांखाली अर्धी. ते दिवस फाट्यावर दोन काठ्या फुलीसारख्या बांधून ठेवायच्या, सालीवर तांबडा पट्टा मारून. ती फुली म्हणजे इथून पुढे मरण आहे. दरीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

तादेयाने फुली बांधली होती. कोणीतरी ती काढली.

४

मंडळाची कचेरी चर्चच्या मागे आहे. तादेया तिथे चिटणीस. रविवार असूनही दिवा चालू होता. ती खुर्चीत बसली होती आणि तिच्यासमोर माझंच माहितीपत्रक होतं.

"किती दगड घासलेस मंगळवारी?" मी दारातच विचारलं.

तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "अकरा."

"समितीची परवानगी?"

"नव्हती. झिपलाईनवाला रायको म्हणाला, शिडी तो स्वतः बसवून देतोय, पुढच्या सोमवारी माणसं येणार. एवढी शिडी झाली की रोपवेवरून उतरणारे लोक त्याच्या झिपलाईनच्या खालच्या टोकाशी उतरतील आणि जुन्या वाटेची गर्दी कमी होईल. समितीत तीन वर्षं तेच तेच चाललंय, बाई. मला वाटलं, रंग तर मारून ठेवू."

"पांढरा वाळूही दिला नाहीस."

"पाऊस येणार होता." ती रडायला लागली. "पण मी काठ्या बांधल्या होत्या! देवाशपथ. स्प्रूसच्या दोन, ताज्या तोडलेल्या. मधे खाच पाडून, तारेनं. शनिवारी वर गेले तेव्हा तिथे काही नव्हतं."

"मग बोगदानला हे का सांगितलं नाहीस?"

"कारण रायको म्हणतो, काठ्या नव्हत्याच. मग मी बेकायदा खुणा काढल्या आणि वाट उघडी सोडली, एवढंच उरतं. बाबांना मी शनिवारीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू तोंड उघडू नकोस, तुला दोन पोरं आहेत."

मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली. एकतीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्यावर हात उचलला नाही. तेव्हाही उचलला नाही; टेबलाची कड धरून उभी राहिले.

"तुला दोन पोरं आहेत," मी म्हटलं. "खाणावळीत एक बाई बसलीय, तिला एकच होती. काल तिनं मला विचारलं, खूण असली की वाट असतेच, असंच समजायचं ना? मी काय सांगू तिला? तुझे वडील चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुरुंगात जातील आणि तू इथे बसून पत्रक वाचशील?"

"काठ्या सापडत नाहीत, बाई. मी सगळं रान शोधलं. कोणीतरी जाळल्या असतील."

५

सोमवारी सकाळी मी रोपवेच्या वरच्या ठाण्यावर गेले. ऊन पडलं होतं. दोन दिवसांपूर्वी इथून निघालेली मुलगी मेली, आणि झिपलाईनसमोर तीस माणसं रांगेत उभी होती, डोक्यात शिरस्त्राणं घालून, हसत. तारेवरून एकजण किंचाळत गेला. खाली टाळ्या पडल्या.

रायको मांस भाजायच्या शेगडीमागे उभा होता. चाळिशीचा, धिप्पाड, कायम गोड. "बाई! बसा, कॉफी घ्या. काय वाईट झालं हो. लोव्रोकाकांचं वाईट वाटतं मला. पण वय झालं की थांबावं माणसानं."

मी कॉफी घेतली नाही. मी त्याच्या डोक्यावरच्या फलकाकडे बघत होते. कापडी फलक, ‘उन्हाळी साहस उद्यान, शनिवारपासून खुलं’. दोन काठ्यांवर ताणलेला. दोन्ही स्प्रूसच्या, ताज्या, राळ अजून पाझरत होती. दोन्हींच्या मध्यावर खाच. आणि कापडाची कड जिथे गुंडाळली होती, तिच्याखालून तांबडा पट्टा बोटभर बाहेर आला होता.

फलकाच्या काठीला मध्यावर खाच कोणी पाडत नाही.

"फलक कधी लावलास, रायको?"

"शुक्रवारी. कसा दिसतोय?"

"काठ्या चांगल्या मिळाल्या."

"अहो, फुकट! फाट्यावर बांधून ठेवलेल्या होत्या, कोणाच्या उपयोगाच्या नव्हत्या. माझ्या पोरांनी आणलेल्या दोन आखूड पडल्या, वेळ नव्हता, म्हटलं..."

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं. गोडवा कसा जातो ते मी तेव्हा पाहिलं; चेहरा तोच राहतो, फक्त डोळे मागे सरकतात.

"तू इथलाच आहेस," मी म्हटलं. "फुलीचा अर्थ तुला माहीत आहे."

"शिडी सोमवारी येणार होती."

"मुलगी शनिवारी आली."

"हळू बोला, गिऱ्हाईक आहे." तो शेगडीवरून पुढे झुकला. "मी काही बोललो नाही. तुम्ही काही ऐकलं नाही. काठ्यांचं काय, रानात हजार काठ्या. आणि कोणाला सांगायचं तर सांगा, बाई, पण एक विसरू नका. खुणा लोव्रोच्या आहेत म्हणून पोलिसांत लिहिलंय. लोव्रो चुकून रंगवत गेला असेल, तर त्यानं काठ्या कशाला बांधल्या असतील? चुकलेला माणूस वाट बंद करत नाही. खुणा त्याच्या, तर काठ्या नाहीतच. आणि म्हातारा नाही म्हणत नाहीये."

तो बरोबर बोलत होता. त्याच्या वाक्यात मला चूक सापडत नव्हती. मी मोबाइल काढून काठ्यांचे फोटो घेतले, खाचेपाशी फूटपट्टी धरून. रांगेतल्या एका माणसाने विचारलं, माझाही काढता का. बोगदानला फोन करून मी सांगितलं की या फलकाला कोणी हात लावता कामा नये आणि त्याने सरळ लोव्रोच्या घरी यावं.

६

लोव्रो मळ्यात होता. गवत वाळवण्याच्या लाकडी मांडवावर तो लांब दांड्याच्या काट्याने पेंढ्या चढवत होता, एकेक आडवी पट्टी भरत. तादेया मांडवाच्या सावलीत खाली मान घालून बसली होती. मीच तिला यायला लावलं होतं. बोगदान गाडीला टेकून उभा. त्याच्या हातात टंकलेला कागद होता आणि घड्याळात पावणेबारा.

"लोव्रो," मी म्हटलं, "काटा खाली ठेव."

"पाऊस येईल संध्याकाळी."

"येऊ दे. तुला खुणा पहिल्या नजरेत कळल्या होत्या. उंचीवरून, की गुलाबी कडेवरून?"

त्याने पेंढी चढवली. "पोरगी घाई करते," तो म्हणाला. पोलिसांसमोर या खुणांविषयी तीन दिवसांतलं हे त्याचं पहिलं वाक्य होतं. बोगदानने मान वर केली.

"बाबा," तादेया म्हणाली.

"तू गप."

"नाही, तूच बोल!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "चाळीस वर्षं तू या डोंगरावर एकही खोटी खूण काढली नाहीस, आणि आता अकरा खोट्या खुणा स्वतःच्या नावावर घेतोस? कशासाठी? मुलीला वाचवायला? ऐक. तिनं वाट बंद केली होती. काठ्या बांधल्या होत्या, खाच पाडून, पट्टा मारून, तू शिकवलंस तशा. त्या काठ्यांवर आज रायकोचा फलक लटकतोय. शुक्रवारी त्यानं फुली सोडून नेली. कारण त्याच्या काठ्या आखूड होत्या. आखूड, लोव्रो! एका कापडासाठी मेली ती."

काटा त्याच्या हातात हवेतच राहिला.

"काठ्या होत्या?" त्याने मुलीला विचारलं.

"मी सांगितलं होतं, बाबा. शनिवारी. तुम्ही म्हणालात, ते आता कोण मानणार."

"मी त्या पाहिल्यात," मी म्हटलं. "पण तू खुणा आपल्या म्हणून अंगावर घेतल्यास, तर त्या नुसत्या काठ्या ठरतात. रायको मला तेच म्हणाला. तुझ्या गप्प बसण्यानं तुझी मुलगी वाचत नाही. तो वाचतो. पुढच्या शनिवारी तिथे पुन्हा रांग असेल."

"आणि मी बोललो तर?" त्याने माझ्याकडे नाही, बोगदानकडे पाहिलं. "हिचं काय?"

बोगदानने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "काका, खोटं कशाला सांगू. तिच्यावर केस होईल. परवानगी नव्हती. चिटणीसपद तर गेलंच. पण वाट बंद करून गेलेला माणूस आणि बंद वाट उघडणारा माणूस, यांत फरक असतो. तो फरक मला लिहिता यायला पाहिजे. आणि तो लिहायचा तर आधी तुम्ही काहीतरी बोलायला पाहिजे."

"बाबा, सांगा," तादेया म्हणाली. ती उभी राहिली होती. "मी सांगितलं तर म्हणतील बापाला वाचवायला बोलतेय. तुम्हीच सांगा."

लोव्रोने गवताचा काटा मांडवाला टेकवून उभा केला. तो घसरला, त्याने पुन्हा उभा केला. हात पँटीला पुसले, एकदा, दोनदा. मग मुलीच्या समोरून चालत गाडीपर्यंत गेला आणि त्या सहा फूट माणसाने बोगदानच्या डोळ्यांत पाहत, चर्चमध्ये शपथ घेतात तशा मोठ्या, सावकाश आवाजात म्हटलं,

"त्या खुणा माझ्या नाहीत. माझ्या मुलीनं काढल्यात. लिही."